पीस आणि पदर

कॅम्प म्हणजे कृत्रिमतेवरचे, अतिशयोक्तीवरचे आणि उघड दिखाव्यावरचे प्रेम. मनगटाला जरा जास्तच दिलेली लचक, गरजेपेक्षा दुप्पट लांबवलेला हेल, जुन्या चित्रपटातल्या नायिकेची हुबेहूब पण एक पट्टी चढवून केलेली नक्कल, रडतानाही पदर कसा पडला आहे याचे भान, हे सगळे त्यात येते. खरे काय आणि खोटे काय हे अशा माणसाला पक्के ठाऊक असते. तरीही तो खोट्याला जीव लावतो, कारण खऱ्याने त्याला जागा दिलेली नसते. अमेरिकी लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी 1964 साली ‘पार्टिझन रिव्ह्यू’ या नियतकालिकात 58 टिपणांचा लेख लिहून ही अभिरुची चर्चेत आणली. तोवर ती बहुतांशी समलिंगी पुरुषांच्या बैठकांतली खासगी खूण होती. कॅम्पला राजकारणाशी देणेघेणे नसते, असे सॉन्टॅग यांचे मत. स्पॅनिश भाषक जगाने नेमके हेच मत मानले नाही, आणि मराठी मुलखातही ते टिकत नाही.

मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही, पण वस्तू ओळखीची आहे. तिच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द म्हणजे सोंग. सोंग आणतात, सोंग काढतात, सोंग वठवतात. एकाच शब्दात लबाडीही आहे आणि कसबही. या कसबाची एक मोठी शाळा दौलताबादच्या किल्ल्याशी जोडलेली आहे. सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी या किल्ल्याचे किल्लेदार होते. पैठणहून एक पोरका मुलगा शिकण्यासाठी त्यांच्याकडे आला आणि पुढे संत एकनाथ (1533–1599) झाला. जवळच्याच शूलीभंजन डोंगरावर त्याला दत्ताचे दर्शन मलंगाच्या वेषात झाले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतला देवसुद्धा सोंग घेऊन येतो, ही गोष्ट पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकनाथांनी सुमारे सव्वाशे विषयांवर तीनशे भारुडे लिहिली. त्यांत महारीण आहे, मुरळी आहे, वेडी आहे, सासरच्या जाचाला कंटाळून भवानीला नवस बोलणारी सून आहे, दादला नको म्हणणारी बायको आहे. शब्द संतकवीचे, आवाज बाईचा, आणि सादर करणारा बहुतेक वेळा पुरुष. मराठवाड्यातले अलीकडचे गाजलेले भारूडकार निरंजन भाकरे यांनी ‘बुरगुंडा’ गावोगाव नेले. 2021 साली त्यांचे निधन झाले.

स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुष नटासाठी अमरकोशात ‘भ्रूकुंस’ असा स्वतंत्र शब्द आहे, आणि पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे हा प्रकार नाट्यशास्त्रही नोंदवते. म्हणजे आपल्याकडे सोंग होते, त्याला नाव होते आणि त्याचे शास्त्रही होते. वाद वेगळाच आहे. आजच्या समलिंगी पुरुषाने या वारशाशी नाते सांगावे की त्यापासून दूर राहावे, हा तो वाद.

या वादाच्या दोन बाजू आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. त्या समोरासमोर ठेवण्याची रीतही इथलीच आहे. एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या भारुडात दोघे एकमेकांना टोकाचे बोलतात, एकमेकांच्या देवाधर्मावर तुटून पडतात, आणि शेवटी त्यांचा समेट होतो. पुढच्या चर्चेत समेट होईलच असे नाही. शास्त्रग्रंथांची जुनी नावे वापरायची तर एका बाजूला पूर्वपक्ष म्हणावे आणि दुसरीला उत्तरपक्ष. मात्र शास्त्रात उत्तरपक्षालाच जो शेवटचा अधिकार मिळतो तो इथे कोणालाही दिलेला नाही.

पूर्वपक्ष सोंगाच्या विरोधात आहे. त्याचे म्हणणे असे: “सोंगाचे कौतुक ज्याला ते उतरवून ठेवता येते त्याने करावे. भारूड संपले की लुगडे सुटते, मळवट पुसला जातो आणि कलाकार आपल्या घरी जातो. शाळेच्या व्हरांड्यात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत ज्याला ‘बायल्या’ म्हणून हाक मारली जाते, त्या मुलाला ते नाव रात्रीही उतरवता येत नाही. त्याच्या मानेवर हे ओझे लादले कोणी? रंगमंचानेच.” पुराव्यादाखल पूर्वपक्ष मराठी तमाशापटांकडे बोट दाखवतो. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी पडद्यावरचा नाच्या इतका अस्सल वठवला, की ‘आत्ता गं बया’ हे त्यांचे बोलणे महाराष्ट्रभर झाले. ते संसारी गृहस्थ होते; तरी त्यांच्या पुरुषपणाविषयी लोक शंका घेत राहिले आणि त्या कुचेष्टेची झळ त्यांच्या कुटुंबालाही लागली. 2008 साली ते गेले तेव्हा चित्रसृष्टीने त्यांना मानाने निरोप दिला, पण जिवंतपणी सोसलेले त्याने भरून निघत नाही. जो माणूस नाच्या नव्हता त्याची ही गत, तर ज्याची चालच तशी आहे त्याचे काय, असा पूर्वपक्षाचा प्रश्न आहे.

आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी 1978ची. तिच्यावरचा रवी जाधव यांचा चित्रपट 1 जानेवारी 2010 रोजी आला. गुणा कागलकर हा पिळदार अंगाचा शेतमजूर. त्याला फडात राजा व्हायचे असते, पण नाच्याशिवाय फड उभा राहत नाही, म्हणून तो स्वतःच नाच्या होतो. पहिलवानाचे शरीर झिजवून तो लचक कमावतो. ती लचक लोकांना हवी असते आणि ती बाळगणाऱ्याला तेच लोक चिरडतात. गुणावर बलात्कार होतो. पूर्वपक्ष म्हणतो, कादंबरीकाराने सत्य लिहिले आहे: टाळी आणि मार एकाच प्रेक्षागृहातून येतात.

उत्तरपक्ष यातला एकही दाखला नाकारत नाही. तो फक्त विचारतो, “मारणारे हात कोणाचे होते?” गुणाला चिरडले ते सोंगाने नव्हे, सोंग पाहून चवताळलेल्या पुरुषांनी. त्यांच्या हिंसेची शिक्षा लचकेला देणे म्हणजे फिर्यादीलाच कोठडीत टाकणे. आणि सगळी सोंगे एका जातीची नसतात, हेही तो दाखवून देतो. तमाशाच्या गौळणीतली मावशी पाहावी. कृष्णाने वाट अडवलेल्या गौळणींची ती म्होरकी. ही भूमिका करणारा नट बाईसारखा दिसण्याचा मोठा खटाटोप करत नाही. बऱ्याचदा धोतर तसेच असते, मिशी असली तर तीही तशीच असते, आणि डोक्यावरून घेतलेले उपरणे हाच पदर. तेवढ्या पदरावर ती बाई होते, पेंद्याला आणि कृष्णाला शब्दांत पकडते, लोकांना हसवते आणि स्वतः हरत नाही. प्रेक्षक मावशीला हसत नाहीत, मावशीबरोबर हसतात. नाच्याच्या वाट्याला येणारे हसू त्याच्यावर झडते. मावशी आणि भारुडातली बाई ते आपल्या मुठीत ठेवतात.

कॅम्पची व्याख्या मराठीत नीट समजून घ्यायची असेल तर ही मावशी बालगंधर्वांच्या शेजारी उभी करावी. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (1888–1967) यांची भामिनी, रुक्मिणी किंवा सिंधू ही संपूर्ण माया होती. त्यांची लुगडी, दागिने, अंबाडा आणि बसण्याउठण्याची ढब घरंदाज स्त्रियांनी उचलली, असे त्या काळाच्या आठवणी सांगतात. मायेला कुठे शिवण दिसू नये, ही त्यांची साधना. मावशी मात्र शिवण दाखवते. पदराखालची मिशी हीच तिची गंमत आणि तिचे बळ. बालगंधर्वांची स्त्री पाहून लोक पुरुष विसरत, मावशी पाहताना ते दोघांनाही एकाच वेळी पाहतात. काटेकोर बोलायचे तर कॅम्प मावशीत आहे. बालगंधर्वांभोवती तो नंतर जमला, त्यांची पदे आळवणाऱ्या, त्यांच्या छायाचित्रांपुढे रेंगाळणाऱ्या, हरवलेल्या वैभवासाठी झुरणाऱ्या लोकांच्या मनात.

स्पॅनिश भाषेत या प्रकाराला एक सुंदर बोलीशब्द आहे: प्लूमा. अर्थ, पीस. ज्याच्या बोलण्याचालण्यात बायकी झाक आहे, त्याला ‘पीस आहे’ किंवा त्याची ‘पिसे गळतात’ असे म्हणतात. शब्द कुचेष्टेसाठी जन्मला आणि पुढे ज्यांची कुचेष्टा होत होती त्यांनीच तो टोपीत खोवला. फ्रँकोच्या राजवटीत पीस बाळगणे ही चैन नव्हती. भटके आणि गुन्हेगार यांच्याविषयीच्या कायद्यात 1954 साली समलिंगी पुरुषांची भर घालण्यात आली. 1970 साली सामाजिक धोकादायकतेचा नवा कायदा आला. गुन्हा घडण्याची गरज नव्हती, माणूस धोकादायक ‘वाटला’ तरी पुरे. आणि वाटायला लागतो तो बोलण्याचालण्यावरून. ज्यांना लपता येत होते ते लपले, पिसेवाले पकडले गेले. जून 1977 मध्ये बार्सिलोनात पहिला मोठा मोर्चा निघाला, तेव्हा पुढच्या रांगेत स्त्रीवेषधारी आणि लिंगभाव ओलांडलेली माणसे होती. दडपशाहीचा सर्वांत जास्त मार खाल्लेलेच सर्वांत पुढे उभे राहिले, यावर उत्तरपक्षाचा मोठा भर आहे.

त्याच शहरात तेव्हा ओकान्या राहत होता. होसे पेरेस ओकान्या (1947–1983) हा अंदालुसियातल्या कांतियाना या खेड्यातून आलेला रंगारी आणि चित्रकार. तो काळी ओढणी, उंच फणी आणि झालरीचा झगा घालून रस्त्यावरून फिरे, बायकांची जुनी दर्दभरी गाणी गाई, गावच्या कुमारी मेरीच्या पालख्यांसारख्या मिरवणुका काढे. व्हेंतुरा पोन्स यांनी 1978 साली त्याच्यावर चित्रपट केला. देवघरातली भक्ती आणि रस्त्यावरचा नखरा यांत त्याला विसंगती वाटत नव्हती. गावच्या उत्सवासाठी सूर्याचे सोंग घेतले असताना त्या कागदी वेषाला आग लागली आणि त्या जखमांतच त्याचा अंत झाला. चळवळीतल्या काही गंभीर कार्यकर्त्यांना मात्र त्याचा दिखावा अडचणीचा वाटे. लोकांनी आपल्याला नागरिक म्हणून स्वीकारावे यासाठी ते झटत होते, आणि हा पंखा हलवत पुढे चाले. पूर्वपक्षाची सहानुभूती त्या कार्यकर्त्यांकडे आहे, हे उघड आहे. मराठी वाचकाने मात्र हे चित्र सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांशेजारी ठेवून पाहावे: लुगडे, हिरवा चुडा, भंडारा, डोक्यावर जग आणि ओठांवर देवीचे नाव. भक्ती आणि सोंग यांची सांगड कांतियानात जितकी सहज, तितकीच ती कृष्णेच्या खोऱ्यात आहे.

हा सगळा वाद आधीच एका स्पॅनिश कादंबरीत संवादरूपाने लिहिला गेला आहे. अर्जेंटिनाचे मान्वेल पुइग यांची ‘एल बेसो दे ला मुहेर आरान्या’ ही कादंबरी 1976 साली बार्सिलोनात छापली गेली. लेखकाच्या मायदेशात तिच्यावर बंदी आली. ब्वेनोस आयरेसच्या तुरुंगातली एक कोठडी. तिच्यात दोन कैदी. मोलिना दुकानांच्या काचेरी खिडक्या सजवणारा, स्वतःला बाई मानणारा, जुन्या चित्रपटांच्या नायिकांत रमणारा. व्हालेंतीन राजकीय कैदी, मार्क्सवादी, मोलिनाच्या भावुक गोष्टींना पळवाट म्हणणारा. जवळजवळ सगळी कादंबरी या दोघांच्या बोलण्यात घडते. रात्री मोलिना चित्रपटांच्या गोष्टी सांगतो, झगे, दिवे, पायऱ्या यांच्या तपशिलांसह. व्हालेंतीन आधी तुच्छतेने ऐकतो, मग त्याला पुढची गोष्ट हवी असते. व्हालेंतीन पूर्वपक्ष आहे, मोलिना उत्तरपक्ष. दोघेही बदलतात. मोलिना सुटल्यावर मित्राचा निरोप त्याच्या साथीदारांना पोचवायला जातो आणि गोळी लागून मरतो. ते मरण कर्तव्यासाठी होते, की आवडत्या नायिकेसारखे मरता यावे म्हणून, हे पुइग उघडे ठेवतात.

पूर्वपक्ष इथे थांबवून विचारतो, “म्हणजे जुन्या नायिकांची स्वप्ने पाहणाऱ्याच्या नशिबी अखेर मरणच ना?”

या प्रश्नाचे उत्तर मराठी रंगभूमीने तीनच वर्षांनी दिले, आणि ते पुइगांच्या उत्तराहून कठोर आहे. सतीश आळेकरांचे ‘बेगम बर्वे’ 1979 साली पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने रंगमंचावर आणले. बर्वे हा संगीत नाटकांच्या काळातला दुय्यम स्त्रीपार्टी. बालगंधर्वांसारखी नायिका व्हायचे त्याचे स्वप्न, वाट्याला मात्र किरकोळ कामे. तो काळ सरला, कंपन्या बुडाल्या, आणि आता हा म्हातारा उदबत्त्या विकतो. श्यामराव त्याला राबवतो, मारतो. त्याच्या कानात नाट्यपदे वाजतच असतात आणि ती वाजली की तो नायिका होतो. दुसरीकडे जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून. त्यातल्या जावडेकराला कचेरीतल्या नलावडेबाईंची ओढ. या दोघांचे स्वप्न आणि बर्व्याचे स्वप्न एकमेकांत शिरते, बर्वे नलावडेबाई होतो, लग्न लागते, डोहाळेही लागतात. मग श्यामराव येतो आणि स्वप्न फाटते.

हे नाटक समलिंगी पुरुषांविषयी आहे असे म्हणणे त्याला लहान करणे ठरेल. ते मध्यमवर्गीय मराठी मनाच्या भूतकाळवेडाविषयी आहे, नपुंसक झालेल्या इच्छांविषयी आहे. तरीही मराठीत कॅम्पची सर्वांत खोल समज कुठे आहे असे विचारले, तर बोट ‘बेगम बर्वे’कडेच जाते. उदबत्त्यांचा वास, झिजलेला शालू, आणि त्या शालूवर ठाम विश्वास. बर्व्याच्या सोंगात एकही खोटा सूर नाही. खोटी आहे ती त्याच्या भोवतीची खोली. मोलिनाला व्हालेंतीन मिळाला, निदान एक माणूस ऐकणारा. बर्व्याला श्रोता मिळाला तो स्वतःच स्वप्नात असलेला कारकून. पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपली जुनी म्हण या नाटकात अंगावर येते.

पूर्वपक्षाकडे याहून मजबूत एक दाखला आहे, आणि तो दौलताबादच्या अगदी उशाशी आहे. किल्ल्यापासून थोड्या अंतरावर खुलताबाद. तिथे चौदाव्या शतकातले सूफी बुऱ्हानुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे. अठराव्या शतकात औरंगाबादचा एक किशोरवयीन मुलगा देहभान हरपून या दर्ग्याच्या आसपास रात्री काढत असे. पुढे तो सिराज औरंगाबादी म्हणून दख्खनचा मोठा कवी झाला. त्याच्या ‘बोस्ताने खयाल’ या मसनवीत एका तरुणावरच्या प्रेमाची आणि त्या प्रेमातल्या विरहाची कथा आहे. तिच्यात सोंग नाही, लचक नाही, हसू नाही. एक पुरुष दुसऱ्या पुरुषासाठी जळतो आणि ते जळणे ईश्वराच्या शोधात मिसळते. पूर्वपक्ष म्हणतो, “या मातीत पुरुषाच्या पुरुषावरील प्रेमाला गंभीर, उंच, स्वतःची भाषा होती. ती असताना तमाशाच्या फडातली उसनी भाषा का घ्यावी? विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’मध्ये स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री उभी केली, सचिन कुंडलकरांनी 2006 साली ‘कोबाल्ट ब्लू’ लिहिली. दोन्हींत पिसे नाहीत, पदर नाही. दुःख सरळ आहे, म्हणून ते सरळ पोचते.”

हा युक्तिवाद वजनदार आहे आणि त्याला झटकून टाकता येत नाही. उत्तरपक्षही तो झटकत नाही. तो म्हणतो, सिराजची भाषा ज्याला येते त्याने ती जरूर बोलावी; पण ती भाषा शिकायला मदरसा लागतो, फारसी लागते, ऐकणारी मैफल लागते. कुंडलकरांच्या तनयला पुण्यातले घर आहे, खोली आहे, पुस्तके आहेत. ज्याच्याकडे खोली नाही, आवाज दबका ठेवण्याची सोय नाही, ज्याचे मनगट सातवीतच सगळ्यांना कळून चुकले, त्याच्याकडे उरते काय? जे लपवता येत नाही ते वाढवून दाखवणे. चेष्टा करणाऱ्याच्या आधी आपणच टाळी वाजवणे. अतिशयोक्ती ही इथे चैन नसून ढाल असते.

चिलीचे लेखक पेद्रो लेमेबेल (1952–2015) यांनी हाच मुद्दा वर्गाच्या अंगाने मांडला. ते सान्तियागोच्या गरीब वस्तीतले. 1986 साली, पिनोचेतची हुकूमशाही चालू असताना, डाव्यांच्या एका सभेत ते उंच टाचांचे बूट घालून आणि चेहऱ्यावर विळा-कोयता रंगवून गेले आणि आपले जाहीर निवेदन वाचले: क्रांती झाली तर तिच्यात आमच्यासारख्यांना जागा असेल का? पुढच्या वर्षी त्यांनी फ्रान्सिस्को कासास यांच्यासोबत एक कलागट काढला. उत्तर अमेरिकेतून आलेली पिळदार, गोरी, सधन ‘गे’ प्रतिमा लेमेबेल यांनी नाकारली आणि वस्तीतल्या ‘लोका’ची, म्हणजे तिथल्या शिवराळ बोलीतल्या ‘वेडी’ची बाजू घेतली. एकनाथांच्या भारुडांतही एक ‘वेडी’ आहे. दोघींचा काही संबंध नाही, पण शहाण्यांच्या सभेत खरे बोलायचे तर वेडीचे सोंग घ्यावे लागते, हे पैठणला जितके ठाऊक होते तितकेच सान्तियागोलाही. कॅम्प राजकारणापासून अलिप्त असतो हे सॉन्टॅग यांचे मत लॅटिन अमेरिकेत का टिकले नाही, ते इथे कळते. मेक्सिकोत कार्लोस मोन्सिव्हाइस यांनी साठच्या दशकातच ही कल्पना आपल्या देशाच्या भडक, भावुक लोककलेला लावून पाहिली होती. पण तिला दात आले ते लेमेबेल यांच्या हातात.

महाराष्ट्रात वर्गाच्या जागी आधी जात येते, आणि इथे दोन्ही पक्षांना सावरून बोलावे लागते. संगीत नाटकातला स्त्रीपार्टी उच्चवर्णीय प्रेक्षकांचा लाडका होता, त्याला पदव्या मिळाल्या. बालगंधर्वांना 1964 साली पद्मभूषण मिळाले. तमाशातला नाच्या बहुधा दलित वा भटक्या समाजातला, आणि त्याला मिळाले ते फक्त टोपणनाव. जोगत्याचे तर सोंगही स्वेच्छेचे नाही. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत हे जग लिहिले. त्यांच्या आधारे राजीव पाटील यांनी 2009 साली ‘जोगवा’ हा चित्रपट केला. त्यातला तायप्पा लुगडे नेसतो ते देवीच्या नावाने समाजाने नेसवले म्हणून. त्याच्या मनात बाई होणे नाही; त्याला सुलीसोबत संसार हवा आहे. पूर्वपक्ष इथे अगदी बरोबर आहे: तायप्पाच्या लुगड्याला मुक्तीचे प्रतीक म्हणणे हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होईल. उत्तरपक्षाला हे मान्य करावे लागते आणि एक अट जोडावी लागते, की सोंग तेव्हाच सोंग, जेव्हा घेणाऱ्याने ते स्वतः घेतले असेल. ही अट लहान नाही. तिच्यामुळे या परंपरेचा बराच मोठा भाग उत्तरपक्षाच्या हातून निसटतो.

कायद्याने या वादाची जमीन बदलली. 2009 साली दिल्ली उच्च न्यायालयाने कलम 377 सैल केले, 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा आवळले, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. 2014च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांना आपली ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. मुंबईत ऑगस्ट 2008 मध्ये, पुण्यात डिसेंबर 2011 मध्ये अभिमान यात्रा निघाल्या. आणि लगेच बार्सिलोनातला जुना प्रश्न मराठीत उभा राहिला: यात्रेत कपडे कसे असावेत? साधे, ऑफिसला शोभतील असे, म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आईवडिलांना आपला मुलगा दिसेल? की नथ, शालू, पिसे, म्हणजे वर्षभर लपवलेले एक दिवस तरी उजेडात येईल? पुण्यात यावर उघड मतभेद झाले.

स्पेनमध्ये 2005 साली समलिंगी विवाह कायदेशीर झाला, तरी जोडीदार शोधणाऱ्या जाहिरातींत ‘पीस नको’ असे लिहिणे थांबले नाही. हक्क मिळाले की पिसांची अडचण वाटू लागते, ती ओझे वाटतात. भारतात विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये नाकारला. पण ‘बायकी नको’ ही अट घालण्यासाठी इथे कोणी हक्कांची वाट पाहिलेली नाही. पूर्वपक्षातल्या ज्यांना फक्त मुलांची कुचेष्टा थांबवायची आहे, त्यांनी ही अट घालणाऱ्यांपासून स्वतःला वेगळे काढायला हवे. कुचेष्टेला घाबरणे समजण्यासारखे आहे. आपल्यातल्याच कोणाची कुचेष्टा करून सुटका मिळवणे तसे नाही.

दरम्यान फडावरही काही बदलले. ‘बिन बायकांचा तमाशा’ या कार्यक्रमात सगळ्या लावण्या पुरुषांनी केल्या आणि नऊवारी, घुंगरू, मुरका हे सारे पुरुषाच्या अंगावर तिकीट काढून पाहिले गेले. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ या आत्मकथनात आपल्या नाचाविषयी संकोच न ठेवता सांगितले. लावणीवर नाचणारा आजचा तरुण नाच्याचा वारस आहे, की मावशीचा, की बालगंधर्वांचा? तिघांचाही थोडा थोडा. त्याची लचक नाच्याची, त्याचे हजरजबाबी बोलणे मावशीचे, आणि शालूच्या निऱ्या मोजून घालण्याची शिस्त गंधर्वांची. प्रेक्षक कोणत्या तोंडाने हसतात, हे मात्र अजून त्या त्या गावावर अवलंबून आहे.

दोन्ही पक्ष एका गोष्टीवर सहमत आहेत: स्त्रीभूमिका करणारा प्रत्येक नट समलिंगी नव्हता, आणि कोणाच्याही खासगी आयुष्याविषयी पुराव्याविना बोलणे हा अन्यायच. बालगंधर्वांना आजच्या कोणत्याही ओळखीत कोंबण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण त्यांच्या कारकिर्दीतल्या दोन तारखा या चर्चेच्या अगदी मध्यावर येऊन बसतात. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि स्त्रीपार्टीचा काळ उतरणीला लागला. त्यानंतर 1935 साली प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘धर्मात्मा’ काढला. विषय, दौलताबादच्या किल्लेदाराचा शिष्य संत एकनाथ. एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व, पुरुषवेषात. आयुष्यभर घेतलेले सोंग उतरवून ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, ते सोंगांची भारुडे लिहिणाऱ्या संताच्या भूमिकेत. पूर्वपक्ष या चित्रपटाकडे समाधानाने पाहतो. उत्तरपक्ष त्याला 1937ची आठवण देतो. ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट त्या वर्षी आला, आणि बालगंधर्व पुन्हा लुगड्यात होते.